हयातीचा दाखला

दर ऑक्टोबरात घरातलं एक काम माझ्याकडे असतं. आजोबांचा हयातीचा दाखला. आजोबा पोस्टातून १९९४ साली निवृत्त झाले, आता नव्वदीला टेकलेत. ऐंशीच्या पुढच्यांना नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागे. मग बोटांचे ठसे आले (आजोबांचे ठसे कधीच उठायचे नाहीत, आयुष्यभर शिक्के मारून झिजले, असं आजी म्हणायची). आता मोबाईलचा कॅमेरा तोंडासमोर धरायचा आणि अ‍ॅप सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे. झालं. माणूस जिवंत असल्याची सरकारदरबारी नोंद.

मागच्या खेपेला डोळे मिचकवून झाल्यावर आजोबांनी एकदम विचारलं, "आमचं हे दरवर्षीचं. त्या पक्षांना काय द्यावं लागतं रे दरवर्षी?" मी म्हटलं, हिशेब द्यावा लागतो, इन्कम टॅक्सचं विवरणपत्र भरावं लागतं. आजोबा हसले आणि म्हणाले, "ते आमच्यातल्याच एका म्हाताऱ्याने भरायला लावलं." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग दोन-तीन शनिवार-रविवार याच्यातच गेले.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १९७९ साली, दोन लागोपाठच्या तारखांना.

पहिली ३१ मार्च १९७९. केंद्र सरकारने पेन्शन काढायचं सूत्र सुधारलं. आधी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती आता शेवटच्या १० महिन्यांची धरायची. पगार चढता असतो, त्यामुळे साहजिकच रक्कम वाढते. कमाल मर्यादाही महिना १५०० रुपयांपर्यंत नेली. पण हे सगळं ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. फेब्रुवारीअखेर निवृत्त झालेला माणूस जुन्या सूत्रात अडकला तो कायमचा. तेच खातं, तीच खुर्ची, फरक एका महिन्याचा. आमच्या धंद्यात कोणी कोडमध्ये अशी तारीख हार्डकोड केली तर रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येतो, हीच तारीख का? सरकारकडे याचं पटेलसं उत्तर नव्हतं.

दुसरी तारीख १ एप्रिल १९७९. त्या दिवसापासून आयकर कायद्यात कलम १३ अ लागू झालं. राजकीय पक्षांना देणग्या, व्याज, घरभाडं यांवर कर माफ. अट एवढीच, की हिशेबाची पुस्तकं ठेवा, १० हजारांवरच्या देणगीदाराचं नाव-पत्ता लिहून ठेवा (पुढे ही मर्यादा २० हजार झाली), ऑडिट करून घ्या आणि विवरणपत्र भरा. दोन्ही निर्णय जनता सरकारच्या काळातले. म्हाताऱ्यांना एक तारीख मिळाली आणि पक्षांना एक सवलत.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, दिल्लीत 'कॉमन कॉज' नावाची संस्था निघाली. काढणारे हरिदेव शौरी, जन्म १९११ चा, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरचे. जन्मभर सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. (अरुण शौरींचे वडील, ही ओळख नंतरची.) त्यांच्याकडे पेन्शनरांच्या पत्रांचा ढीग लागला. एकेकट्या म्हाताऱ्याला सुप्रीम कोर्टाचा खर्चही झेपत नाही आणि तेवढी वर्षंही हातात नसतात. म्हणून संस्थाच अर्जदार झाली. संरक्षण खात्याचे आर्थिक सल्लागार म्हणून १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नाकरा पहिले अर्जदार, कॉमन कॉज तिसरी. संस्थेला असा अर्ज करण्याचा हक्क काय, हा मुद्दाही कोर्टात निघाला, पण तो टिकला नाही.

१७ डिसेंबर १९८२ ला निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आपले पुण्याचे. निकालपत्र लिहिलं न्या. डी. ए. देसाईंनी. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीतून कमावलेला हक्क आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि कोर्टाने केलं काय, तर आदेशातले तारखेचे तेवढे शब्द कापून काढले. बाकी आदेश तसाच राहिला आणि आपोआप सगळ्यांना लागू झाला. इतका छोटा आणि नेमका पॅच मी तरी पाहिलेला नाही. १७ डिसेंबर तेव्हापासून पेन्शनर्स डे म्हणून पाळतात.

पुढे कम्युटेशनचाही प्रश्न त्यांनी सोडवून घेतला. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घेता येत, पण मग तो हिस्सा मरेपर्यंत कापला जायचा, सरकारचे पैसे कधीच वसूल होऊन गेले तरी. कॉमन कॉजच्याच अर्जावर १९८६ च्या डिसेंबरात कोर्टाने सांगितलं की १५ वर्षांनी तो हिस्सा परत सुरू करा. आमच्या घरी २००९ साली आजोबांनी अचानक पेढे आणले होते. कोणी पास झालं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मी पास झालो, पंधरा वर्षं काढली." मी तेव्हा प्राथमिक शाळा नुकती संपवलेली, मला पेढ्यांशी मतलब. तो विनोद कळायला मला इतकी वर्षं लागली.

आता पक्षांकडे वळू. त्यासाठी जरा मागे, मुंबईत जावं लागेल. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल हवा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांपुढे आलं. कायद्यात अडवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन उद्या लोकशाहीच गिळू शकतो, संसदेने वेळीच विचार करावा. संसदेने विचार केला तो असा: १९६० मध्ये देणगीवर मर्यादा, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी, १९८५ मध्ये बंदी उठवून पुन्हा मर्यादा. बंदीच्या सोळा वर्षांत निवडणुका काही फुकटात झाल्या नाहीत. पैसा चेकमधून निघून पिशवीत गेला, इतकंच.

मधला एक किस्सा सांगायलाच हवा. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा होती, पण पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्यात धरायचा का? ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, धरायचा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला: नाही धरायचा. कोर्टाने बग काढला आणि सरकारने त्याच महिन्यात तो फीचर म्हणून परत टाकला.

या पार्श्वभूमीवर शौरी पुन्हा कोर्टात गेले. बहुतेक पक्षांनी वर्षानुवर्षं विवरणपत्रंच भरली नव्हती आणि आयकर खातं गप्प होतं. ४ एप्रिल १९९६ ला न्या. कुलदीप सिंग आणि न्या. फैझानुद्दीन यांनी निकाल दिला: सवलत हवी तर विवरणपत्र भरा, आणि पक्षाच्या खर्चाची पळवाट ज्याला हवी त्याने तो पैसा खरंच पक्षाचा होता हे सिद्ध करावं. तेव्हा शौरी पंचाऐंशीच्या घरात होते. १९७९ पासून सतरा वर्षं! आजोबांनी एक नोव्हेंबर चुकवला असता तर पेन्शन थांबलं असतं. शौरी २००५ साली गेले.

रोख्यांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थोडक्यात. २०१७ च्या वित्त कायद्यातून कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा गेली, कोणत्या पक्षाला दिली ते सांगायचं बंधन गेलं आणि निनावी रोख्यांची वाट उघडली. २०१८ पासून ते स्टेट बँकेतून मिळू लागले. देणगीदारांची संपूर्ण यादी बँकेकडे, आणि मतदाराकडे काहीच नाही. विरोधात गेलेल्यांत एडीआर होती तशीच कॉमन कॉजही होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच जणांच्या पीठाने योजना एकमताने रद्द केली. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. वडिलांपुढे म्हाताऱ्यांची पेन्शन घेऊन आलेली संस्था बेचाळीसाव्या वर्षी मुलापुढे पक्षांची देणगी घेऊन उभी होती.

एक अवांतर, कारण राहवत नाही. कोर्टाने बँकेकडे १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील मागितला, तर बँकेने ३० जूनपर्यंतची मुदत मागितली. कारण? विकत घेणारे एका ठिकाणी, वटवणारे दुसऱ्या ठिकाणी, एकूण ४४,४३४ नोंदी, जुळवायला वेळ लागेल. चव्वेचाळीस हजार ओळी! आमच्याकडे फ्रेशर पोरं जेवायच्या सुट्टीआधी एवढं जुळवून टाकतात. कोर्टाने मुदत नाकारली आणि तीनच दिवसांनी पहिली यादी लोकांसमोर आली.

इथवर वाचून मला वाटलं, चला, शेवट गोड झाला. तसं आजोबांना सांगायला गेलो तर त्यांनी उशीखालून एक कागद काढला. त्यांच्या पेन्शनर मंडळाने वाटलेली झेरॉक्स, २०२५ च्या वित्त कायद्यातला एक भाग. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता आणि आहे, असं त्यात म्हटलंय, आणि तेही १ जून १९७२ पासून लागू समजून. म्हणजे नाकराच्याही आधीपासून. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळचं धोरण फक्त कायदेशीर केलंय, नागरी पेन्शनमध्ये कसलाही बदल नाही, असं अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. तसं असेलही. पण आठव्या आयोगाच्या तोंडावर मंडळातल्या लोकांना झोप लागत नाही. आणि मला तरी हा कागद वाचून २०१८ आठवलं. तेव्हाच्या वित्त कायद्याने परदेशी देणग्यांची व्याख्या थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून बदलली होती, कारण २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन मोठ्या पक्षांना त्यात दोषी धरलं होतं. इतिहासातला कमिट मागची तारीख घालून बदलायचा, आणि तोही बजेटच्या गठ्ठ्यात, जिथे राज्यसभेला अडवता येत नाही आणि टीव्हीवर फक्त इन्कम टॅक्सचे स्लॅब दाखवतात. पक्षांसाठी हे दार वापरून झालं होतं, आता ते म्हाताऱ्यांसाठी उघडलंय.

आजोबांना एवढंच विचारायचं होतं की इंग्रजीतल्या त्या तिसऱ्या ओळीत 'ऑलवेज' कशासाठी घातलंय. मी दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, मोठ्या अक्षरात छापून आण, दहा प्रती. १७ डिसेंबरला मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं बोलायला दिलीत. चष्म्याचा नंबरही वाढलाय, त्याआधी तो करून घ्यायचाय.