तळटीप : बासची स्पर्धा
१. बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. कृष्णा-कोयनेत तो नाही. सातारा-सांगलीच्या वाचकाने मरळ डोळ्यांपुढे आणावी : पाणवनस्पतींत दबा धरणारी, बेडकावर झेपावणारी, पिल्लांची राखण करणारी. (बासमध्ये राखणीला नर एकटाच.) गळाने बास पकडण्याच्या क्लबच्या स्पर्धेत नवख्याला सहसा दुसऱ्याच्या बोटीत मागची जागा मिळते, चांगला काठ पुढच्याने आधीच विंचरलेला असतो. वजनाला बहुधा पाचच मासे, तेही खेळत्या पाण्याच्या टाकीत जिवंत राखलेले. मेलेल्या माशामागे वजन कापतात. नंतर सगळे परत पाण्यात. स्पर्धांमध्ये हा प्रघात अमेरिकी स्पर्धा-आयोजक रे स्कॉट यांनी १९७२मध्ये रुजवला. कृष्णाकाठी गांडूळ लावून गळ टाकणाऱ्याला मात्र मासा कालवणासाठीच हवा असतो.