खोलीत मावलेला मुलूख

इ. स. १८९१ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या वसंत-बाजारात मेर्क्लिन या पेढीने चावीवर धावणारी एक आगगाडी मांडली. ही पेढी तोवर बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडीकुंडी करणारी म्हणून ओळखली जात होती. आगगाडीची खेळणी त्याआधीही होती, परंतु मेर्क्लिनने गाडीबरोबर रूळही विकावयास काढले. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी त्यांची मांडणी होई आणि रुळांची मापे ठरलेली असत. एका नाताळात इंजिन घेतले, पुढच्या नाताळात दोन डबे, त्यापुढे सांधा, फलाट, बोगदा, असा संसार वाढविता येई. व्यापाऱ्याची ही युक्ती खरीच. परंतु घरातल्या रेल्वेचा सारा इतिहास तिच्यातूनच निघाला. जी वस्तू दरवर्षी वाढते, ती लहान मुलाच्या हाती फार काळ राहत नाही. हळूहळू ती वडिलांकडे जाते.

पुढची चाळीस वर्षे ही गाडी जमिनीवरच धावली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या बाजारात आणल्या, अमेरिकेत लायोनेल कंपनीचे नाव घरोघरी झाले. गाड्या मात्र मोठ्या असत. जेवणाच्या वेळी रूळ गोळा करून पेटीत भरावे लागत. १९३५ च्या सुमारास जर्मन कारखान्यांनी साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर विजेने चालणारी छोटी गाडी आणली, १९३८ मध्ये हॉर्नबीनेही तोच मार्ग धरला, आणि रेल्वे जमिनीवरून टेबलावर चढली. टेबलावर चढल्यामुळे ती आता गोळा करावी लागेना. आणि जे गोळा करावे लागत नाही, त्याच्याभोवती माणूस गाव वसवू लागतो.

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. इंग्लंडमधील छंदिष्टांनी एका फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण धरले, म्हणजे खऱ्या वस्तूच्या शहात्तराव्या भागाएवढी प्रतिकृती. या हिशेबात धडधाकट पुरुष पाऊण-एक इंचाचा होतो. पण एक मैल लोहमार्ग दाखवायचा तर सुमारे एकवीस मीटर, म्हणजे जवळजवळ सत्तर फूट जागा लागते. एवढी खोली कोणाच्या घरी असते? म्हणून या कलेत खरे कौशल्य दाखविण्यात नाही, लपविण्यात आहे. वळणापुढे टेकडी उभी करायची, टेकडीतून बोगदा काढायचा, गाडी पुलाखालून नेऊन भिंतीआड नाहीशी करायची. भिंतीआड चार-सहा रूळ शेजारी शेजारी घातलेले असतात. तेथे गाड्या उभ्या राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्या दूरच्या शहरी गेल्या.

या विद्येचे एक आद्य आचार्य म्हणजे लंडनचे जॉन अहर्न, व्यवसायाने विमा क्षेत्रातले गृहस्थ. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या घरात ‘मॅडर व्हॅली’ हे काल्पनिक खोरे रचण्यास आरंभ केला. त्यांच्या आधीच्या छंदिष्टांच्या लेखी इंजिन हाच नायक असे. घरे-झाडे ही तोंडी लावण्यापुरती. अहर्न यांनी हा क्रम उलटा केला. आधी खोरे, नदी, गाव, बंदर. मग या गावाला साजेल अशी लहानशी रेल्वे. देशात ठिकठिकाणी पाहिलेल्या खऱ्या इमारतींच्या प्रतिकृती करून त्यांनी त्या आपल्या खोऱ्यात एकत्र नांदविल्या. इमारती व भूदृश्य कसे घडवावे यावर त्यांनी १९४७ आणि १९५१ मध्ये लिहिलेली पुस्तके पुढच्या पिढीला गुरुस्थानी ठरली.

त्या काळची साधने विलक्षण साधी होती. लाकडाच्या चौकटीवर तारेची जाळी वाकवून टेकडीचा उतार करायचा, तीवर कागदाचा लगदा किंवा प्लास्टर थापायचे, वाळल्यावर रंग द्यायचा. हिरव्या रंगात बुडवून वाळविलेला लाकडाचा भुसा सरसावर भुरभुरला की कुरण तयार. वाळलेल्या शेवाळाची झुडपे, पुठ्ठ्याच्या भिंती. आपल्याकडे नाताळाच्या आधी ज्या घरांतून गोठा उभारला जातो, तेथील मुलांना यातले काही नवे वाटणार नाही. चुरगाळलेल्या तपकिरी कागदाचे डोंगर आणि आरशाचे तळे करणारे हात हेच आहेत. फरक इतकाच की आपला गोठा जानेवारीत उतरतो.

न उतरणाऱ्या देखाव्याची सर्वांत मोठी कथा रॉय इंग्लंड यांची आहे. आडनाव इंग्लंड, पण जन्म ऑस्ट्रेलियातला. १९२५ मध्ये हा तरुण इंग्लंडला आला आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या परगण्यातील गवताने शाकारलेल्या घरांच्या प्रेमात पडला. पाहता पाहता ती घरे बदलू लागली. शाकार उतरून तेथे नवी, स्वस्त छपरे येत होती, जुन्या भिंती पडत होत्या. त्यांना थांबविणे त्याच्या हाती नव्हते. म्हणून त्याने मोजपट्टी व कॅमेरा घेतला, एकेक घर मापले, दारातली फुलझाडेसुद्धा टिपून घेतली आणि तेच घर चार मिलिमीटरच्या प्रमाणात पुन्हा बांधले. १९५४ मध्ये लाँग विटेनहॅम गावी त्याने ‘पेंडन’ हे संग्रहालय सुरू केले. तेथे अनेक स्वयंसेवक येऊन मिळाले, काहींनी अशा कामास वर्षानुवर्षे वाहून घेतले. १९२० आणि ३० च्या दशकांतील ते खोरे घरागणिक वाढत राहिले. इंग्लंड १९९५ मध्ये वारले, तेव्हाही ते पूर्ण झालेले नव्हते. रेल्वेच्या नादाने आलेला माणूस शेवटी माणसांच्या उंबरठ्यांचा इतिहासकार झाला. ज्या दप्तरखान्यांतून राजांचे खलिते जपले जातात, तेथे शेतमजुराच्या परसातील कोबीच्या वाफ्याची नोंद कोण ठेवतो? पेंडनमध्ये ती आहे. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही त्यांच्या पश्चात याच छताखाली आली.

घरातला छंद लोकांसाठी खुला झाल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातही आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी घडविलेल्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांपैकी कितीजण मुलांच्या आधी काचेला नाक लावतात, हे मोजण्यासारखे आहे.

देखावा झाला, आता गाड्या चालविण्याविषयी. गोल गोल फिरणाऱ्या गाडीचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. अमेरिकेतील फ्रँक एलिसन यांना रंगभूमीचा अनुभव होता. १९४० च्या दशकात त्यांनी असे मांडले की देखावा हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक ही संहिता. मालगाडीने अमुक वाघिणी अमुक कारखान्याच्या दारी पोहोचवाव्यात, तेवढ्यात मागून येणाऱ्या प्रवासी गाडीला वाट द्यावी. हे जमले तरच रेल्वे, नाहीतर नुसता पाळणा. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील छायाचित्रकार जॉन ॲलन यांनी हे सूत्र कळसाला नेले. घड्याळही त्यांनी वेगाने पळणारे वापरले. अशा घड्याळाची गती बारापट ठेवली तर दोन तासांत अख्खा दिवस उरकतो. त्यांचे डोंगर जमिनीपासून छताकडे चढत, आरसे लावून रस्ते लांब केलेले असत, डब्यांवर गंज व धूळ रंगविलेली असे. शंटिंगसाठी त्यांनी एम्मा नावाचा एक डायनोसॉरही नेमला होता! १९७३ च्या जानेवारीत ॲलन हृदयविकाराने वारले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी त्यांच्या घरात आग लागली आणि जवळजवळ सारे जळाले. राहिली ती मुख्यतः त्यांनीच काढलेली छायाचित्रे.

याच्या उलट पीटर डेनी यांची हकीकत. हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. कॉर्नवॉल परगण्यात त्यांनी सेवा केली. महायुद्धानंतर त्यांनी बकिंगहॅम गावाचा एक काल्पनिक फाटा रचला. काळ धरला १९०७ चा, आणि गाड्या ग्रेट सेंट्रल कंपनीच्या, जिचा फाटा त्या गावी प्रत्यक्षात कधी गेलाच नव्हता. बाजारचे साडेसोळा मिलिमीटरचे रूळ त्या प्रमाणाला अरुंद पडतात, म्हणून त्यांनी अठरा मिलिमीटरचे रूळ स्वतः घातले. मांडणी तुकड्यातुकड्यांची केली. बदलीच्या वेळी पुस्तकांचे खोके कोठे ठेवावे हा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याला या दूरदृष्टीचे कौतुक वाटेल. स्टेशनांमध्ये खऱ्या रेल्वेप्रमाणे घंटीचे संकेत होते. घंटीने विचारायचे, घंटीने होकार यायचा, तेव्हाच गाडी सुटायची. मुलगा क्रिस्पिन एका स्टेशनाचा कारभार पाही. तो हाताशी नसे तेव्हासाठी डेनी यांनी एक यंत्रच बनविले. ते घंटीला घंटीने उत्तर देई आणि पलीकडची बाजू सांभाळी. त्याचे नाव त्यांनी ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ असे ठेवले.

ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो लहान फाटे बंद झाले, १९६८ मध्ये वाफेची इंजिने नियमित सेवेतून गेली. डेनी यांचा कधीही नसलेला फाटा मात्र चालूच राहिला. २००९ मध्ये ते वारले. त्यांच्या मागे ही रेल्वे मोडीत निघाली नाही. दुसऱ्या एका छंदिष्टाने तिचे तुकडे आपल्या जागी नेऊन पुन्हा जोडले, त्यांच्या घंट्यांची भाषा शिकून घेतली आणि १९०७ च्या त्याच वेळापत्रकाने गाड्या सोडल्या.