लायन्स क्लब: सेवेची तत्त्वे आणि चिकलठाण्याचे शिबिर

छत्रपती संभाजीनगरात अनेक सेवाक्लब आहेत. त्यांपैकी लायन्स क्लब ऑफ औरंगाबाद चिकलठाणा हा मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिरांसाठी ओळखला जातो. असे क्लब कोणत्या तत्त्वांवर चालतात?

सुरुवात कशी झाली?

शिकागोतील विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्स संघटना स्थापन झाली. व्यापाऱ्यांची मंडळे तेव्हाही होती, पण ती एकमेकांना धंदा मिळवून देण्यासाठी. लायन्सने पहिल्याच अधिवेशनात ठरवले की सभासदांचा आर्थिक फायदा हा क्लबचा हेतू असणार नाही. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून नेत्रसेवा हे संघटनेचे प्रमुख कार्य बनले. भारतातील पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत सुरू झाला. महिलांना मात्र सभासदत्वासाठी १९८७ पर्यंत थांबावे लागले.

नियम काय आहेत?

‘आम्ही सेवा करतो’ हे बोधवाक्य आहे. क्लबमध्ये पक्षीय राजकारण आणि धार्मिक वाद यांवर चर्चा करायची नाही. क्लबचा कारभार सभासदांच्या वर्गणीतून चालतो, तर लोकांकडून जमवलेला निधी लोकांच्या कामावरच खर्च करायचा असतो. म्हणून दोन्ही हिशेब वेगळे ठेवतात. देणगी देताना ती कोणत्या खात्यात जाणार, हे विचारणे गैर नाही.

चिकलठाण्याचे शिबिर

दुभंगलेला ओठ, पडलेली पापणी, चेहऱ्यावरचे व्रण यांमुळे जीव जात नाही. म्हणून गरीब घरात ही शस्त्रक्रिया कायम मागे पडते. पण शाळेत चिडवणे, नोकरीत नकार, लग्न न जमणे हे भोग तेवढ्यामुळेच वाट्याला येतात.

न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित भारतभर फिरून अशा शस्त्रक्रिया मोफत करत. १९७८ च्या अपघाताने त्यांना अपंगत्व आले, पुढे घशाचा कर्करोग झाला, तरी काम थांबले नाही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरही चिकलठाणा क्लबने त्यांच्या स्मरणार्थ शिबिरे सुरू ठेवली.

शल्यविशारद येतात आणि शस्त्रक्रिया करून जातात. पण गावोगावी निरोप पोचवणे, रुग्णांची नोंदणी, रुग्णालयाची सोय, नातेवाइकांचे जेवण हे सारे कुणीतरी पाहावे लागते. क्लबचे खरे काम तेच.

अडचण कोठे येते?

लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष येतो. यामुळे पद एकाच्या हाती राहत नाही, हे चांगलेच. पण नव्या अध्यक्षाला नवा उपक्रम करावासा वाटतो आणि जुना मागे पडण्याची भीती असते. वृक्षारोपणाचा फोटो एका दिवसात होतो, झाड जगवायला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे एखादा क्लब पारखायचा असेल, तर त्याने यंदा किती कार्यक्रम केले यापेक्षा कोणते काम अध्यक्ष बदलले तरी चालू राहिले, हे पाहावे.