वाशीम जिल्हा

महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील, वऱ्हाडच्या दक्षिण अंगाचा एक जिल्हा. उत्तरेस अकोला, ईशान्येस अमरावती, पूर्वेस यवतमाळ, दक्षिणेस हिंगोली आणि पश्चिमेस बुलढाणा अशा त्याच्या चतुःसीमा असून क्षेत्रफळ सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ९७ हजारांच्या घरात होती. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे सहा तालुके. मुख्य ठाणे वाशीम हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन सांप्रतचा जिल्हा अस्तित्वात आला. तथापि वाशीमला जिल्ह्याचा दर्जा मिळण्याची ही पहिली वेळ नव्हती. इंग्रजी अमदानीत ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडण्यात येऊन त्याचा पुसद तालुका आजच्या यवतमाळकडे आणि वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले.

वऱ्हाडचे जुने दफ्तर दोन भाग मानीत असे: पूर्णेच्या काळ्या सपाटीचा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा, अजिंठ्याच्या डोंगररांगांनी उचलून धरलेला बालाघाट. वाशीम हा बालाघाटाचा मुलूख होय. अकोल्याकडून येणारा प्रवासी मेडशीच्या आसपास घाट चढून वर आला म्हणजे कापसाचे सपाट शिवार मागे पडते आणि उंचसखल माळ, सागाची विरळ राने, खडकाळ ओढे व त्यांच्या काठची काळी जमीन असा निराळाच देखावा समोर उभा राहतो. या पठाराचे खरे महत्त्व जलविभाजकाचे आहे. काटेपूर्णा येथील डोंगराळ भागात उगम पावून उत्तरेस अकोल्याकडे उतरते व पूर्णेच्या वाटेने तापीला, म्हणजे अखेर पश्चिम समुद्राला मिळते. उलट अडाण आणि अरुणावती या नद्या पूर्वेस यवतमाळकडे वाहत जाऊन पैनगंगेला व तिच्याद्वारा वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने पूर्व समुद्राला पोचतात. पैनगंगा स्वतः बुलढाण्याकडून रिसोड तालुक्यात शिरते, कास नदीला पोटात घेते आणि पुढे हिंगोली जिल्ह्याची सीमा होऊन वाहते. नद्यांच्या माथ्याशी वसलेल्या मुलखात पाऊस पडला तरी पाणी ठरत नाही, ते उतारावरून निघून जाते. म्हणूनच की काय, येथील राजांनी, सुभेदारांनी आणि साधुसंतांनी तळी खोदण्याकडे, तीर्थे बांधण्याकडे विशेष लक्ष पुरविले. या जिल्ह्याचा इतिहास किल्ल्यांपेक्षा तळ्यांच्या काठाने वाचावा, तो अधिक स्पष्ट दिसतो.

प्राचीन वत्सगुल्म ते हेच वाशीम. वत्स ऋषीच्या तपश्चर्येने प्रसन्न होऊन देवांचा समुदाय येथे वास्तव्यास आला, अशी माहात्म्यकथा असून नगरात एकशे आठ तीर्थे असल्याचे परंपरा सांगते. इतिहासात या नगराचा उदय इसवी सनाच्या चौथ्या शतकात होतो. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्या निधनानंतर साम्राज्य वाटले गेले आणि त्याचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म येथे आपली गादी स्थापिली; ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन, म्हणजे आजच्या रामटेकच्या परिसरात राहिली. सर्वसेन हा केवळ राज्यकर्ता नव्हता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात रचिलेल्या ‘हरिविजय’ या काव्याचे उल्लेख आनंदवर्धनासारख्या श्रेष्ठ काव्यशास्त्रकारांनी केले आहेत, परंतु मूळ काव्य मात्र आज उपलब्ध नाही. त्याचा पुत्र विंध्यसेन ऊर्फ दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले दानपत्र १९३९ मध्ये वाशीम येथे सापडले. त्यात नांदेडच्या बाजूचे एक गाव ब्राह्मणांस दिल्याची नोंद असून वंशावळीचा भाग संस्कृतात व प्रत्यक्ष दानाचा भाग प्राकृतात आहे. प्रजेशी ज्याचा संबंध तो व्यवहार प्रजेच्या भाषेत लिहिला गेला, ही गोष्ट महाराष्ट्री प्राकृताच्या आणि पर्यायाने मराठीच्या अभ्यासकाने मनात जपून ठेवावी अशी आहे.

पुढे याच शाखेतील राजा देवसेन याच्या कारकीर्दीत, शके ३८० मध्ये, म्हणजे इ. स. ४५८-५९ च्या सुमारास, त्याच्या एका अधिकाऱ्याने वाशीमजवळच्या हिस्से बोराळा येथे ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधविल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यांनी बांधलेल्या व क्षत्रपांनी दुरुस्त केलेल्या विख्यात सुदर्शन तलावाचेच नाव दीड हजार वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका तळ्याला देण्यात आले, यावरून त्या अधिकाऱ्याचा बहुश्रुतपणाही दिसतो आणि पाणी साठविण्याच्या कामाला तो किती मोठे मोल देत होता हेही कळते. देवसेनाचा पुत्र हरिषेण हा या शाखेचा सर्वांत पराक्रमी राजा. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने खोदवून घेतले, असे तेथील लेखच सांगतो. आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा वैभवकाळ तो हरिषेणाच्याच राज्याचा काळ होय. जगभरचे रसिक अजिंठ्याची चित्रे पाहण्यासाठी दूरदेशांहून येतात. परंतु ज्या दरबाराच्या छत्राखाली ती चित्रे रेखाटली गेली त्याचे राजधानीचे शहर तेथून फार दूर नाही, याची जाणीव त्यांतल्या थोड्यांनाच असते, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या मराठी प्रवाशांतही ती विरळाच आढळते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे ताम्रपट व लेख संपादून हा लुप्त इतिहास उजेडात आणला. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विदर्भाच्या राज्यनाशाची कथा ही वत्सगुल्माच्या वाकाटकांच्या अखेरीचेच प्रतिबिंब आहे, असे त्यांचे मत होते.

राजसत्ता गेली तरी नगराची कीर्ती काही शतके टिकली. ‘काव्यमीमांसा’कार राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला आहे. विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैदर्भी काव्यरीतीशी जोडलेला एवढा गौरव दुसऱ्या कोणत्याही नगराच्या वाट्याला आला नाही. चालुक्य, राष्ट्रकूट व यादव यांच्या नंतर हा मुलूख बहमनींकडे, तेथून इमादशाही व निजामशाहीकडे आणि १५९६ मध्ये चांदबिबीच्या तहाने मोगलांकडे गेला. ‘आईन-इ-अकबरी’त वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल या प्रांतावर चालला. एकाच रयतेकडून दोन दरबारांचे कमाविसदार वसूल घेत. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क संपला, १८०९ मध्ये पेंढाऱ्यांनी वाशीम लुटले, आणि १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले.

आजच्या वाशीम शहराचे जे रूप आहे ते मुख्यतः भोसलेकालीन होय. नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजींचा सुभेदार भवानी काळू याने १७७९ च्या सुमारास बालाजीचे मंदिर बांधले. काटे गावचा पटवारी असलेला हा पुरुष कर्तबगारीने सुभेदारीपर्यंत चढला होता. मूर्ती औरंगजेबाच्या काळात जमिनीत पुरून ठेविली होती व पुढे ती सापडली, असे सांगतात. घडीव दगडाचे देवालय, भोवतालच्या ओवऱ्या आणि भव्य प्रवेशद्वार यांतून मराठेशाहीच्या उत्तरकाळातील वास्तुशैलीचा संयत नमुना दिसतो. आश्विनात येथे मोठी यात्रा भरते. त्याच सुभेदाराने बांधलेला देव तलाव, त्याहून प्राचीन मानले जाणारे पद्मतीर्थ, आणि भूमध्यरेषेच्या प्राचीन कल्पनेशी ज्याचा संबंध जोडला जातो ते मध्यमेश्वराचे स्थान ही शहरातील अन्य प्रेक्षणीय स्थळे. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर प्रातःकाळी काही वेळ बसल्याखेरीज वाशीम पाहिले असे म्हणता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जिल्ह्याच्या ईशान्य भागातील कारंजा हे गाव मात्र वाशीमपेक्षाही अधिक काळ थांबून पाहावे असे आहे. ‘लाडांचे कारंजे’ म्हणून ते ओळखले जाते. मध्ययुगात ही सधन व्यापाऱ्यांची पेठ होती. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या नावांच्या वेशी जुन्या तटबंदीची साक्ष देतात. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर लगोलग, १६७० च्या अखेरीस, शिवाजी महाराजांच्या फौजा थेट कारंजापर्यंत आल्या आणि अपार द्रव्य घेऊन गेल्या. एवढ्या दूरवर मोहीम काढण्याजोगी संपत्ती येथे होती, हा या पेठेच्या ऐश्वर्याचा सर्वांत बोलका पुरावा होय. भिंतींच्या चुन्यात कस्तुरी कालवून हवेली बांधणाऱ्या सावकाराची आख्यायिकाही गावात आवर्जून सांगितली जाते.

परंतु कारंजाचे नाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले ते श्रीनृसिंहसरस्वतींमुळे. दत्तावतार मानलेल्या या यतिराजांचा जन्म १३७८ च्या सुमारास येथे झाला. माधव व अंबा हे त्यांचे मातापिता. बालपणीच काशीस जाऊन त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे नरसोबाची वाडी व गाणगापूर ही त्यांची कर्मक्षेत्रे झाली. ‘गुरुचरित्रा’चे पारायण करणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना या गावाचे नाव मुखोद्गत होते, तरी जन्मस्थानाचा निश्चय व्हावयास श्रीवासुदेवानंद सरस्वतींचे, म्हणजे टेंबेस्वामींचे, लक्ष इकडे वळावे लागले; विद्यमान गुरुमंदिर विसाव्या शतकात उभे राहिले.

जैन विद्येच्या इतिहासात कारंजाचे स्थान याहून कमी नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या या एका गावात होत्या, आणि त्यांच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांत हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली तीत या संग्रहांचा समावेश झाला आणि विद्वानांचे डोळे कारंजाकडे वळले. अपभ्रंश कवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये व ‘णायकुमारचरिउ’ प्रा. हीरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादिले, ते कारंजा येथील ग्रंथमालांतून. अपभ्रंश भाषेचा, जिच्यातून आपल्या आधुनिक भाषा उदय पावल्या तिचा, आधुनिक अभ्यास ज्या थोड्या ठिकाणांच्या आधारावर उभा आहे त्यांत वऱ्हाडातल्या या तालुक्याच्या गावाची गणना करावी लागते, ही अभिमानाची गोष्ट होय. १९१८ मध्ये येथे स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने गुरुकुलशिक्षणाचा पाया घातला. गावाजवळील सोहोळच्या माळरानावर काळविटांचे अभयारण्य असून गवताळ प्रदेशातले हे चपळ, देखणे प्राणी कळपांनी दृष्टीस पडतात.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थ आहे. साडेतीन फुटांच्या आसपास उंचीची ही श्यामवर्ण मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी असल्याची श्रद्धा आहे. पूर्वी तिच्या खालून घोडेस्वार जाई, आता केवळ वस्त्र सरकते, असे भाविक सांगतात. एलिचपूरच्या राजाने येथील जलाशयात स्नान केल्याने त्याची व्याधी दूर झाली आणि तेथेच त्याला मूर्ती लाभली, अशी कथा आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींनी आपल्या ‘विविधतीर्थकल्पा’त श्रीपूर म्हणून या क्षेत्राचे वर्णन केले आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन पंथांतील वादामुळे मंदिर चार दशकांहून अधिक काळ कुलूपबंद राहिले होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा उघडले. गावाबाहेरचे पवळी मंदिर शिल्पदृष्ट्या अधिक पाहण्याजोगे आहे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वोच्च श्रद्धास्थान, त्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची (जन्म १७३९) समाधी व जगदंबेचे मंदिर येथे असून रामनवमीला देशभरच्या तांड्यांतून जनसागर लोटतो. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनभर धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वाहून नेणाऱ्या, फौजांना रसद पुरविणाऱ्या या लमाणांचा इतिहास बखरींत क्वचितच लिहिला गेला. तो त्यांच्या गीतांत आणि भजनांत राहिला. नंगारा या वाद्याच्या आकाराची वास्तू असलेले बंजारा विरासत संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे खुले झाले. जवळच उमरी येथेही समाजाची पूज्य स्थाने आहेत. मंगरूळपीर हे गाव हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ‘पीर’ झाले. बिरबलनाथ महाराजांचे देवस्थानही त्याच गावी. याखेरीज डव्हा येथील नाथ नंगे महाराज व लोणी येथील सखाराम महाराज यांच्या यात्रा प्रसिद्ध आहेत.

सोयाबीन, तूर आणि कापूस ही आजची मुख्य पिके. अकोला-पूर्णा लोहमार्ग वाशीमवरून जातो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही कारंजावरून जाणारी अरुंदमापी ‘शकुंतला’ मात्र बंद पडली आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांतून गेल्यामुळे नागपूर व मुंबई या दोन्ही बाजूंनी येणे सुलभ झाले. शेजारचे लोणारचे सरोवर पाहणारे बहुसंख्य प्रवासी या जिल्ह्याच्या सीमेवरून परत फिरतात. त्यांनी निदान दोन दिवसांचा मुक्काम वाढवून एक दिवस वाशीमच्या तीर्थांसाठी व एक कारंजासाठी राखून ठेवावा. पावसाळा सरल्यावर, आश्विन ते माघ, हा त्यासाठी उत्तम काळ होय. तेव्हा तळी भरलेली असतात.