हात धरून गिरवणारे यंत्र आणि त्यामागचे विद्यार्थी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. तडाखा लातूरबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यालाही बसला. सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. मृतांचा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. मृतांची मोजदाद होते; पण ज्यांचा हात, पाय किंवा कणा कायमचा दुखावला, त्यांचा पुढचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. अशा माणसांना पुन्हा हिंडते-फिरते करण्यासाठी साधने घडवणाऱ्या शास्त्राला पुनर्वसन अभियांत्रिकी म्हणतात. यंत्रमानव ही त्याची अलीकडची शाखा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी. या संस्थेत एक यंत्रहात तयार होत होता. त्याचे नाव ‘एम.आय.टी.-मॅनस’. मॅनस हा ‘हात’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बर्क रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. लकव्याने लुळा पडलेला हात पुन्हा हलता करणे एवढेच त्याचे काम होते. सास्तूरच्या जखमींना त्याचा उपयोग झाला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु या यंत्राची वंशावळ तपासली, की हे शास्त्र कोणाच्या बळावर पुढे सरकते ते दिसते. ते सरकते वेतन मिळवून पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बळावर.

वंशावळीची सुरुवात एका पडण्याने झाली. ‘सायबरनेटिक्स’ या विषयाचे जनक, गणिती नॉर्बर्ट वीनर १९६१ मध्ये पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात त्यांची डॉक्टरांशी चर्चा झाली, ती स्नायूंतल्या सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालणाऱ्या कृत्रिम हाताविषयी. लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीने या कामाला पैसा दिला. विमा कंपनीने का द्यावा? कारण कारखान्यात हात गमावलेला कामगार पुन्हा कामावर गेला, तर तिचाही खर्च वाचतो. एम.आय.टी.त रॉबर्ट मान यांच्याकडे हे काम आले. राल्फ आल्टर या विद्यार्थ्याने १९६६ मध्ये त्यावर प्रबंध सादर केला आणि ‘बोस्टन आर्म’ आकाराला आला.

मान यांच्याकडेच पुढे आयर्लंडहून आलेला नेव्हिल होगन हा विद्यार्थी घडला. त्याची १९८५ मधली कल्पना शिक्षकांना चटकन समजेल. कारखान्यातला यंत्रमानव हट्टी असतो. ठरलेल्या जागी तो जाणारच, वाटेत कोणी आले तरी! असा हात रुग्णाच्या हाताला बांधणे धोक्याचे. पहिलीच्या बाई मुलाचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवतात, तेव्हा कसे करतात? मूल बरोबर चालले की पकड सैल होते, चुकले की हलकेच वळवतात आणि मुलाने जोर लावला तर थोडे नमतेही घेतात. यंत्राने नुसती जागा न सांभाळता हे ‘नमते घेणे’ सांभाळावे, अशी होगन यांची मांडणी होती. मॅनस त्यावरच उभा आहे.

मॅनसवर पीएच.डी. कोणी केली? एर्मानो इगो क्रेब्स या ब्राझीलच्या तरुणाने. त्याचे मूळ शिक्षण जहाजबांधणीचे! साओ पावलोत जहाजबांधणी, मग जपानमध्ये योकोहामाला सागरी अभियांत्रिकी आणि १९९७ मध्ये एम.आय.टी.ची पीएच.डी. असा त्याचा प्रवास. काम राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, म्हणजे सरकारी, निधीतून चालले होते. त्याच वर्षी २० रुग्णांवरचा पहिला अहवाल आला. यंत्रासह व्यायाम केलेल्यांच्या हाताची सुधारणा अधिक दिसली, पण २० हा आकडा लहानच.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. २०१९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यांत या यंत्राने केलेला व्यायाम नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे हा प्रश्न सुटलेला नाही, आणि म्हणूनच या प्रयोगशाळांना अजून विद्यार्थी हवे असतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आशिष देशपांडे यांच्या प्रयोगशाळेत ‘हार्मनी’ हा खांद्यासकट दोन्ही हातांना आधार देणारा यांत्रिक सांगाडा घडला. त्याच्या २०१७ च्या शोधनिबंधावर पहिले नाव देशपांडे यांच्या विद्यार्थ्याचे आहे.

अशा जाहिरातीत ‘अर्थसाहाय्यासह’ असे असते, त्याचा अर्थ आपल्याकडे नीट पोचत नाही. अमेरिकेत प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतून विद्यार्थ्याची फी भरली जाते आणि दरमहा वेतन मिळते. बदल्यात तो प्रयोगशाळेत राबतो. आपल्याकडे बहुधा विद्यार्थी नेट किंवा गेट परीक्षेतून पात्र ठरतो. केंद्राची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन छात्रवृत्तीची सुरुवात ७०,००० पासून होती. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या छात्रवृत्त्या वेगळ्या. शेतीवर चालणाऱ्या घरातला मुलगा पाच वर्षे शिकत राहू शकेल का, हे या आकड्यांवर ठरते. प्रबंधाचा विषय नंतर येतो.

पीएच.डी.वाचून काहीच होत नाही, असे मात्र नव्हे. १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवला तो शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या जेमतेम शाळा शिकलेल्या कारागिराने. पाश्चात्त्य कृत्रिम पायावर उकिडवे बसता येत नव्हते, अनवाणी शेतात जाता येत नव्हते. ती अडचण त्यांनी ओळखली. यंत्रहातांचीही तीच अडचण आहे. त्यांचे बहुतेक व्यायाम टेबल-खुर्चीवर बसून करायचे असतात. जमिनीवर बसून भाकरी थापणे, कळशी उचलून कमरेवर घेणे, विळ्याने गवत कापणे या हालचालींत खांदा आणि मनगट कसे फिरते, हे मोजायचे काम पडून आहे. उमरग्याच्या मुलीला या हालचाली शिकवाव्या लागणार नाहीत. तिला लागेल ते बारावीचे गणित आणि भौतिकी, थोडी संगणकाची भाषा आणि प्राध्यापकाला लिहायचे एक पत्र. त्या पत्रात पैसे किती वर्षे मिळणार आणि प्रकल्प मध्येच संपला तर काय, हेही विचारावे. प्रयोगशाळांना हे प्रश्न सवयीचे असतात.