पुण्याची विद्या आणि पोथ्यांची साक्ष

पुण्याचें विद्यापीठ इ. स. १९४९ सालीं स्थापन झालें. परंतु पुणें हें विद्येचें क्षेत्र त्याच्या पुष्कळ आधींपासून आहे, हें इतिहासभक्तांस विदित आहेच. ही कीर्ति पाठशाळांची व पंडितांची, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें तींत हस्तलिखितांच्या संग्रहांचा व तीं ताडून पाहणाऱ्यांचा वांटा मुळींच कमी नाहीं.

पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. पेशवाई बुडाल्यावर त्या निधीच्या कांहीं अंशांतून इ. स. १८२१ त विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तीच रूपांतर पावत डेक्कन कॉलेज झाली. मुंबई सरकारनें १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृतींकडून पोथ्यांचा शोध चालविला होता. तो संग्रह पुढें ह्याच कॉलेजांत ठेवण्यांत आला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांस ऐंशीं वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवें प्राच्यविद्या संशोधन मंदिर उघडलें आणि पुढील वर्षीं सुमारें वीस हजार पोथ्या तेथें आल्या. मोडी दप्तरांविषयीं हेंच कार्य राजवाडे प्रभृतींनीं १९१० त स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें आरंभिलें होतें.

संग्रह झाला म्हणजे काम संपलें, असें नव्हे. भांडारकर मंदिरानें १९१९ त महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर तिचे प्रधान संपादक होते. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिपींतील पोथ्या एकेका श्लोकासाठीं समोरासमोर ठेविल्या गेल्या. शांतिनिकेतन व तंजावर येथेंही पाठ ताडण्याची व्यवस्था होती. कोपरगांवच्या नीलकंठ चतुर्धरानें सतराव्या शतकांत टीका लिहितांना देशोदेशींच्या पोथ्या जमविल्या होत्या खऱ्या. तथापि त्यानें स्वीकारलेल्या पाठापेक्षां काश्मीरचा शारदा पाठ आटोपशीर व अधिक प्राचीन, असें ह्या छाननींत दिसून आलें. सुखटणकर १९४३ त वारले. बेलवलकर व वैद्य ह्यांनीं कार्य पुढें नेलें आणि तें १९६६ त सिद्धीस गेलें.

ह्यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. एकटी पोथी एका लेखकूनें काय लिहिलें एवढेंच सांगते. मूळ काय होतें, हें तिच्या भगिनींशीं ती ताडल्यावांचून कळत नाहीं. म्हणून जो आपली पोथी फडक्यांत बांधून कोणास दाखवीत नाहीं, तो तिचें रक्षण करितो असें म्हणवत नाहीं. तो एक साक्षीदार दडवितो.

संस्थेच्या भिंतीही अभेद्य नसतात. ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें भांडारकर मंदिरांत शिरून पोथ्या-ग्रंथांची नासधूस केली, तें विद्याप्रेमी विसरले नाहींत. ज्या पोथीचे पाठ छापून झाले, तिचें पान हरवलें तरी साक्ष उरते. जी कधींच उघडली गेली नाहीं, तिच्याबरोबर सर्वच जातें. आपल्या घरच्या बस्त्यांच्या नकला आजच होऊं द्याव्या, एवढीच आमची संग्राहकांस विनंती आहे.