सरदार पेरूची वाटचाल

जांभूळ आणि पेरू एकाच कुळातले. जांभूळ इथलेच, तर पेरू मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. पोर्तुगीज काळात तो भारतात आला आणि इतका रुजला की परका वाटेनासा झाला. बियांपासून केलेल्या झाडांत फळाचा गुण सारखा राहत नसे. हाच दोष पुण्याच्या गणेशखिंड फळ प्रयोग केंद्राच्या पथ्यावर पडला. अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून डॉ. जी. एस. चीमा आणि देशमुख यांनी 1927 मध्ये एक झाड निवडले. ते ‘लखनौ-49’, म्हणजेच पुढचा ‘सरदार’: पसरट झाड, पांढरा गर, भरघोस पीक. गुण टिकवायचे तर लागवड कलमांचीच, हे ओघाने आलेच.

मराठवाड्यातही ही जात पोचली. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्यात उन्हाळी पाण्याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी मृग बहार सोयीचा: उन्हाळ्यात झाडांना ताण द्यायचा, पावसावर फुले धरू द्यायची आणि हिवाळ्यात फळे काढायची. भारी काळ्या जमिनीत मात्र निचरा सांभाळावाच लागतो.